धर्मशाळेवरचा मजला

घरावर एक खोली चढवायची म्हटल्यावर बांधकाम परवान्याच्या कचेरीतल्या लोकांनी मला वर्षभर चपला झिजवायला लावल्या. मी हायस्कुलात गणित शिकवतो. माझं म्हणणं सरळ होतं. अनगोळातल्या घरात खाली आम्ही राहतो, वर माझ्या थोरल्या बहिणीला खोली पाहिजे. आक्का निपाणीला तंबाखूच्या वखारीत राबून म्हातारी झाली. नवरा लवकर गेला, सगळा जन्म भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांत गेला. मी शिकलो तो तिच्या मजुरीवर. तिला आपल्या दाराला आपल्या हातानं कडी लावता यावी, एवढंच मला हवं होतं. पण आमच्या गल्लीत वर मजला चढवायला परवानगी नव्हती. ‘रूल न्हाय मास्तर.’ विषय संपला!

चौऱ्याऐंशी साली एक नवे साहेब आले आणि त्यांनी अजब योजना काढली. गावातल्या जुन्या दगडी इमारती पाडायच्या नाहीत, त्यांच्यावर काही बांधायचंही नाही. मग मालकाचं नुकसान नको म्हणून त्यानं न बांधलेल्या मजल्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा आणि घेणाऱ्यानं तेवढा मजला आपल्या घरावर चढवायचा. मजला तिथला, उभा राहणार इथं. मला ते पटलं. एकीकडे वजा, दुसरीकडे अधिक.

बाजारपेठेतल्या दगडी धर्मशाळेचे मालक नागोजी यांनी मला त्यांचा हक्क लिहून दिला. माझ्या आजोबांना त्या धर्मशाळेच्या पायरीवर टेकू दिलं नव्हतं. आता तिच्या डोक्यावरची जागा माझी झाली होती! त्या दिवशी मी सगळ्या स्टाफरूमला चहा पाजला.

खोली झाली. आक्का एक ट्रंक आणि बुद्धाची लहानशी मूर्ती घेऊन आली. आल्या आल्या तिनं दार आतून लावून, उघडून, परत लावून बघितलं.

“धर्मा, कडी बघ की कशी खटकन बसती!” आतून तिच्या हसण्याचा आणि मग खोकल्याचा आवाज आला. वखारीतला तो कोरडा खोकला तिला आयुष्यभर पुरला.

चैत्र आला. एका सकाळी पेपर द्यायला वर गेलो तर खोलीभर गुलाल. फरशीवर, गादीवर, मूर्तीच्या खांद्यावर. मधे मधे खोबऱ्याचे तुकडे. माझं डोकंच फिरलं. आमच्या घरानं छप्पन्न सालीच जुने देव सोडले, आणि ही म्हातारी चोरून जोतिबाच्या काठीमागं जाऊन आली?

“लाज वाटत नाही, आक्का? मूर्तीसमोर हे?”

“मी आणलं न्हाय रं.” ती हातात केरसुणी धरून उभी होती. “डोळं उघडलं तवा वरनं पडत हुतं.”

“वरनं म्हणजे कुठनं? स्लॅबमधनं?”

ती नुसती झाडत राहिली. त्यानंतर ती माझ्याशी तुटकच वागायला लागली.

चार दिवसांनी पेठेत भरमू गवंडी भेटला. माझी खोली त्यानंच बांधली होती. त्याचं घर धर्मशाळेच्या समोर. जोतिबाच्या सासनकाठ्या डोंगराला निघायच्या आधी त्याच पायरीशी उभ्या करतात आणि लोक मूठमूठ गुलाल-खोबरं धर्मशाळेवर उधळतात. दरवर्षी कौलं लाल होतात.

“औंदा नवलच झालं, मास्तर. वर टाकलेलं खाली आलंच न्हाय. कौलं बघा की, कोरी हाईत.”

“वारं असेल.”

“कुठलं वारं? पान हलत नव्हतं.”

मी वर पाहिलं. कौलं खरोखरच स्वच्छ होती. आक्काला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून सांगितलं नाही.

पावसाळ्यानंतर साहेबांची बदली झाली आणि नागोजींनी धर्मशाळेची कौलं उतरवून वर बांधकाम काढलं. मी तडक कचेरीत गेलो. कारकून पान चघळत होता.

“ती स्कीम बंद झाली, मास्तर.”

“अहो, मग माझा मजला?”

“तुमचा ऱ्हाऊ द्या की. त्यांचाबी हुईल.”

“एकच मजला दोन ठिकाणी कसा होईल?”

“तुमी गणिताचे मास्तर न्हवं?” तो हसला. मी अर्ज दिले, वरच्या साहेबाला भेटलो, नागोजींच्या दारात उभा राहून भांडलो. ढिम्म कोणी हललं नाही. आणि मला नक्की कसली भीती वाटते ते यांतल्या एकालाही सांगता येत नव्हतं.

कारण आक्का आता म्हणायला लागली होती, खोलीत सिमेंटचा वास येतो. गडी बोलल्यासारखे आवाज येतात. भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात.

“खाली ये राहायला.”

“माझी खोली सोडून? न्हाय येणार जा.”

स्लॅबच्या दिवशी मी शाळा सोडून धर्मशाळेपाशी गेलो. मिक्सर घरघरत होता. भरमू मला बघून शिडीवरून खाली उतरला.

“मास्तर, भिंती चढवल्यापास्नं वर बाईमाणूस खोकतंय. सकाळी तर धुणं आपटल्याचा आवाज आला. वर जाऊन बघितलं तर कोण न्हाय.”

“काम थांबव, भरमू! माझी शपथ आहे!”

“आर्धा स्लॅब पडलाय की हो.”

मी सायकल हाणत घरी आलो. बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. आक्का आत्ताच निळ्या काठाचं लुगडं धुऊन, वाळत घालायला वर घेऊन गेली, म्हणाली. मी जिना चढलो. दार आतून बंद होतं.

“आक्का! दार उघड!”

“आले रं.” आवाज लांबून आला. “लई अंधार झालाय हितं.”

भर दुपार होती.

“कडी काढ, आक्का!”

“कडी घावंना, धर्मा.”

मी दारावर लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कडी तुटून आत पडली.

खिडकी उघडी होती. फरशीवर ऊन होतं. गादी नीट घडी घातलेली, मूर्ती जागच्या जागी. खोलीत कोणी नव्हतं.

पोलिसांनी विहिरी बघितल्या. निपाणी, संकेश्वर, मी सगळीकडे हिंडलो. शेवटी नागोजींच्या हातापाया पडून वरच्या मजल्याची किल्ली मागून घेतली. तिथं काय असणार? प्लास्टर नसलेल्या चार भिंती. मी हाका मारल्या, भिंतींना कान लावले. परत कुलूप घातलं आणि खाली रस्त्यावर आलो.

कोपरावर थेंब पडला. पावसाचे दिवस नव्हते. मी वर पाहिलं.

कुलूप घातलेल्या मजल्याच्या खिडकीत आक्काचं निळ्या काठाचं लुगडं वाळत घातलं होतं. आणखी एक थेंब पडला. त्याला आमच्या घरातल्या साबणाचा वास होता.