अंबारीतली मुलगी

सोमवारी संग्रहालय बंद असे, म्हणून तौफिक मुजावरने रेषावाचक दरबार हॉलमध्येच मांडला होता. टेबलावर फ्लॉरेन्सहून आलेले जुने रेखाचित्र होते: एका ड्यूकचा नगरप्रवेश. कमानी, घोडे, निशाणे, गुडघे टेकलेली रयत.

रेषावाचक हे यंत्र कागदात उतरलेला हाताचा दाब वाचत असे. डोळ्यांनी पाहून काढलेली रेषा अडखळते, थांबते, पुन्हा निघते. हुकमावरून काढलेली सरळ धावते. पाहिलेली रेषा पडद्यावर निळी दिसे, हुकमी तांबडी.

ड्यूक तांबडा झाला. कमान तांबडी, रयतही. निळा उरला फक्त एका घोड्याचा उचललेला खूर आणि निशाणवाल्याचा दमलेला खांदा.

"राजा आलाच नव्हता की काय, बाई?" तौफिक हसला.

"आला असेल रे. चित्रकाराला मान वर करायची मुभा नसेल," शेजारी बसलेल्या वृद्ध इंदुमती इंगवले म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून वडिलांनी रेखाटलेले चित्र काढले.

वडील संस्थानचे चित्रकार. असल्याच इटालियन चित्रांच्या छापील प्रती गिरवून त्यांनी हात बसवला होता. चित्रात दसऱ्याची शेवटची स्वारी सीमोल्लंघनाला निघाली होती आणि अंबारीत महाराजांशेजारी छोटी इंदू बसली होती. बाईंनी ही आठवण जन्मभर सांगितली: सोंडेवरचा ओला रंग, तळहाताला टोचणारा झुलीचा जरीकाठ. उद्या नव्या दालनासाठी ती त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित व्हायची होती.

"ह्याला कशाला यंत्र? साक्षीदार तर तुम्हीच."

"लाव. बाबांचा हात कळू दे त्या फ्लॉरेन्सवाल्यांना."

हत्ती निळा. महाराज निळे. इंदू तांबडी.

तौफिक चाचरला. "पुन्हा लावू का? चुकतं कधीकधी."

"चुकत नाही म्हणून सकाळी तूच सांगत होतास."

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात, पेन्सिल खोडून कोरा केलेल्या जागी, निळ्या रेषा उमटू लागल्या. खोडले तरी कागदातला खळगा राहतो. गर्दीत एक बाई, डोक्यावर पदर. तिच्या खांद्यावर एक मूल, मुठीत पदराचा जरीकाठ.

"आई," इंदुमतीबाई म्हणाल्या.

आई त्या दसऱ्यानंतरच्याच हिवाळ्यात गेली होती. तिचा एक फोटोही घरात नव्हता.

"बाबांनी मला कागदावर उचलून अंबारीत बसवलं. आणि हिला पुसलं. महाराजांच्या चित्रात हिला जागा कुठली?"

त्यांनी तळहात उघडून पाहिला. जरीकाठ अजून टोचत होता.

"उद्याचं ध्वनिमुद्रण पुढं ढकल," त्या म्हणाल्या. "आधी हिला मोठी करून दाखव. मला नीट दिसत नाहीये. तौफिक, चेहरा निळाच आहे ना रे?"