आठ सेकंदांनंतरची हाक

माझा प्रोग्राम स्वतः काडीचंही काम करत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तो मुकादम होता. जंगलाच्या कडेच्या कॅमेऱ्यातून फोटो आला की तो बाहेरच्या एका प्रोग्रामला हुकूम सोडायचा, यात वाघ आहे का बघ. 'आहे' असं उत्तर आलं की आणखी एकाला हुकूम, भोंगा वाजव. समोरच्याचं काम संपेपर्यंत थांबायचं आणि किती वाजता कोणाला काय सांगितलं ते लिहून ठेवायचं, एवढीच त्याची अक्कल. मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, चंद्रपुरात एका छोट्या कंपनीत नोकरीला असलेला माणूस. मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

गाव कोसमटोला. चामोर्शीच्या पुढे पक्की सडक संपते, तिथून चार किलोमीटर. पस्तीस घरं, मागे नाला, नाल्यापलीकडे दाट रान. एप्रिलमध्ये उजाडायच्या सुमारास बाया मोहफुलं वेचायला नाल्याच्या अलीकडच्या झाडांखाली जातात. वेचणारी बाई खाली वाकलेली असते आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखाच दिसतो. मागच्या हंगामात गावातली एकजण गेली होती. म्हणून हा सगळा खटाटोप.

भोंगा पहिल्याच आठवड्यात नापास झाला. दिवसभर सूरजागडच्या लोहखाणीकडच्या ट्रकांचे हॉर्न ऐकणाऱ्या लोकांना भोंग्याचं काय कौतुक? गावातल्या वाघ-राखण्या पथकाचा पोचू मडावी म्हणाला, "प्रफुलभाऊ, माणसाचा आवाज लावा. आमच्या सोनीबाईचा लावा. तिची हाक पार शिवारभर जाते."

सोनीबाई साठीची, सडसडीत, कमी बोलणारी. मी तिच्या अंगणात मोबाइल पुढे धरला आणि तिनं एकदाच हाक दिली. "घरी या वोऽऽ!"

"झालं बाई," मी म्हणालो.

"एका हाकेनं कोणी नाई येनार," ती म्हणाली. "रानात पयल्या हाकेले कोणी ओ देत नाई. दुसरीलेबी नाई. तिसरी आली तं समजाचं, मानूस हाय."

"काऊन?"

"ते दोनदाच बलावते."

'ते' म्हणजे काय, असं मी विचारलं. तिनं सुनेला, दुर्गाला, चहा ठेवायला सांगितलं.

मी तोंडावर हसलो नाही, मनात हसलो. पण गावाची रीत सांभाळणं सोपं होतं. रेकॉर्डिंग एकच ठेवलं आणि ते वाजवायचा हुकूम तीनदा द्यायला लावला. एका हाकेपासून दुसरीपर्यंत आठ सेकंद. आठच का, याला काही कारण नाही. पाच घाईचे वाटले, दहा फार वाटले.

व्यवस्था चालली. दोन आठवड्यांत वाघ चारदा कॅमेऱ्यासमोरून गेला आणि चारही वेळा खांबावरच्या कर्ण्यातून सोनीबाईच्या तीन हाका गेल्या. बाया टोपल्या उचलून घरी आल्या. मी कंपनीत कॉलर ताठ करून फिरत होतो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एका शनिवारी मी चंद्रपुरात बसून प्रोग्राममध्ये किरकोळ सुधारणा केली. तीनपर्यंतची मोजणी शून्यापासून सुरू व्हायची, ती मी एकापासून सुरू केली आणि 'तीनपेक्षा कमी' ही अट तशीच राहू दिली. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात पोरकट चूक. सोमवारी नऊ वाजता नोंदी उघडल्या. पाच एकेचाळीसला वाघ. हाक वाजवली, दहाव्या सेकंदाला. हाक वाजवली, अठराव्या सेकंदाला. त्यापुढे काही नाही. एक, दोन मोजून प्रोग्राम थांबला होता.

दोन हाकांना कोणी परतणार नव्हतं. मी पोचूला फोन लावला.

"सगळ्या आल्या न भाऊ," तो म्हणाला. "तीनही हाका बराबर आयकू आल्या."

प्रतिध्वनी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. प्रतिध्वनी आठ सेकंद थांबत नाही, हेही मला ठाऊक होतं. गाडीला किक मारली आणि दुपारी गाव गाठलं.

दुर्गा अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. सासूला ती आत्या म्हणायची. "तिसरी हाक खांबावरून नाई आली," ती म्हणाली. "नाल्याच्या पलीकडून आली. आवाज आत्याचाच. मी तिकडंच निंगाली होती, मंग बाकीच्या इकडं पळाल्या तं मीबी पळाली."

सोनीबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुमी त्याले तीन मोजाले शिकवले."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग नव्हता, भीती होती, पण मी आवाज चढवला. उद्या कोणी रानात जाऊ नका म्हणालो. दुर्गा म्हणाली, "मोह काय आपल्यासाठी थांबून राह्यते का भाऊ?" शेवटी असं ठरलं की पोचू आणि पथकातले आणखी दोघं काठ्या घेऊन बायांबरोबर जातील. मी ग्रामपंचायतीच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी राहीन. सोनीबाईला मी माझ्या शेजारी बसायला सांगितलं. ती मला डोळ्यांसमोर हवी होती.

सकाळी मी कर्ण्याची वायर उपसली. कॉम्प्युटर बंद केला, प्लगही काढला. वायरचं टोक हातात धरून उंबऱ्यावर बसलो. सोनीबाई हातभर अंतरावर. उजाडलं होतं, कोंबडे ओरडून गप्प झाले होते, मोहाचा गोड उग्र वास गावभर पसरला होता.

"घरी या वोऽऽ!"

नाल्याकडून.

सोनीबाईचं तोंड मिटलेलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. पाच, सहा, सात, आठ.

"घरी या वोऽऽ!"

माझेच आठ सेकंद. मी ते मोजत होतो आणि ते चुकावेत म्हणून मनातल्या मनात हात जोडत होतो.

चुकले नाहीत.

"दुर्गा वोऽऽ!"

रेकॉर्डिंगमध्ये कोणाचंच नाव नव्हतं.

लांबून दुर्गाचा आवाज आला. "ओ आत्या! आली, आली!"

आम्ही धावलो. साठीची बाई माझ्या पुढे होती. झाडांखाली पोचू आणि बाया गोठल्यासारख्या उभ्या होत्या. एकीनं नुसतं नाल्याकडे बोट केलं.

दुर्गा घोटाभर पाण्यात उभी होती. कमरेवर टोपली, पाठ आमच्याकडे.

"दुर्गा!" मी ओरडलो.

"आत्या पलीकडून बलावून राह्यली न," ती न वळता म्हणाली, आणि एक पाऊल पुढे टाकलं.

सोनीबाईनं हाक द्यायला तोंड उघडलं.

आणि मिटलं. ते मी पाहिलं. त्या आवाजात आता काय सांगणार होती ती?

ती पाण्यात शिरली. दुर्गाचा हात धरला. तिचा तळवा स्वतःच्या मिटलेल्या ओठांवर ठेवला आणि घट्ट दाबून धरला.

पलीकडून हाक आली. "दुर्गा वोऽऽ!"

तळव्याखाली ओठ हलले नाहीत. मी दुर्गाचा चेहरा पाहिला. पलीकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही, आजही त्याची लाज वाटत नाही.

खांब त्याच आठवड्यात काढला. कंपनीला तांत्रिक कारण सांगितलं.

सोनीबाई त्या सकाळपासून बोललेली नाही. तिला आजार नाही, घसा चांगला आहे. ती बोलतच नाही, म्हणजे तिच्या आवाजातली कुठलीही हाक तिची नाही, हे गावातल्या पोराटोरांनाही कळतं. माझ्या अख्ख्या प्रोग्रामपेक्षा पक्की व्यवस्था. कोणाला बोलवायचं असलं की ती टाळी वाजवते.

दिवाळीनंतर उरलेली बॅटरी आणायला गेलो होतो. सोनीबाई चुलीपाशी होती. तिनं दुर्गाला टाळी वाजवून बोलावलं. दुर्गा पाच पावलांवर, पाठमोरी, सुपात तांदूळ पाखडत होती. ती आली नाही. सूप खाली ठेवलं, सावकाश वळली आणि सासूच्या हातांकडे बघत राहिली. सोनीबाईनं तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा एक टाळी वाजवली. तेव्हा कुठे दुर्गा जवळ आली.

"पहिली टाळी ऐकू नाही आली का?" मी विचारलं.

"आली न भाऊ," ती म्हणाली. नजर अजून हातांवरच होती. "पन दिवाळीपासून आमी हात पायल्याबिगर कोणीच जात नाई."