नात्याचा रकाना

"अगं बाई!" ऑफिसातून बाहेर पडले आणि तोंडून निघूनच गेलं. माझ्या स्कूटीला खेटून एक हिरवी जीप उभी होती. स्कूटी निघणं शक्यच नव्हतं. मग काय, मी हिंदीतून तोंडाचा पट्टा सोडला. बॉनेटवर नकाशा पसरून उभा असलेला उंच मुलगा सगळं शांतपणे ऐकत राहिला.

"तुम्ही मराठी ना?" तो म्हणाला. "मतलब... सॉरी. मला तुमच्याच ऑफिसात यायचं होतं."

तो संकल्प. मूळचा साताऱ्याचा, पण वडील फौजेत, त्यामुळे सगळं बालपण छावण्यांत गेलेलं. मी मोनाली, भुसावळकडची, रेल्वेवाल्याची मुलगी, बाबांच्या बदलीमुळे ह्या हिंदी मुलखात आलेली. परदेशात स्वतःची गाडी नेणाऱ्यांचे कागद तयार करणारं आमचं छोटंसं ऑफिस शहराच्या झालाना भागात आहे. आणि ह्या महाशयांना अडीच महिन्यांनी निघून थेट तुर्कस्तानातल्या बाबाकालेला जायचं होतं – जिथे पश्चिमेला आशिया खंड संपतो, तिथे.

"काय आहे तिथे?"

"एक किल्ला, थोडी घरं... आणि पुढे रस्ताच नाही." तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते. हे मी लक्षात ठेवायचं खरं तर काहीच कारण नव्हतं.

मग तो येतच राहिला. जो कागद मेलने पाठवता आला असता, तोही हातात घेऊन यायचा.

"तुम्ही कुठे कुठे फिरलात, मोनालीजी?"

"बाबांच्या रेल्वे पासवर माझं नाव आहे, म्हणून रूळ नेतात तिथे सगळीकडे," मी म्हणाले. "पण गाडी चालवते हं! बाबा इंजिन चालवतात, त्यांना स्टिअरिंग जमत नाही. घरची गाडी माझ्याच ताब्यात."

त्याने हातातल्या अर्जाकडे पाहिलं. पेन उघडलं, बंद केलं. "दुसरा चालक" ह्या रकान्यात त्याने आधीच एक रेघ मारून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज दिला. अडचणीच्या वेळी कळवायची व्यक्ती – मोनाली. नातं – रिकामं!

"हे काय? आईचं नाव लिहा."

"आई घाबरते. तिला कुणीतरी नीट सांगायला हवं... तुम्ही छान समजावता."

"आणि नातं?"

"ते... तुम्हीच बघा ना."

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? हा मला मनातलं सांगतोय, की फुकटात निरोप्या नेमतोय? आमच्याकडे रिकाम्या रकान्याचा अर्ज पुढे जात नाही. शिवाय ज्याचं नाव, त्याची सही लागते. मी सही करायची ती कोण म्हणून? मी अर्ज परत केला.

चार दिवसांनी त्याने "परिचित" असं लिहून आणलं. माझं मन इतकं खट्टू झालं की मलाच आश्चर्य वाटलं. परिचित तर आमचा दूधवालाही आहे! माझा चेहरा बघून त्याने ते घाईघाईने खोडलं. पुढच्या खेपेला कोरा अर्ज, पुन्हा रिकामा रकाना आणि सोबत गरम मिर्चीवडे. वडे ठेवून घेतले, अर्ज परत केला. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. हो म्हणावं तर त्याने विचारलेलं काहीच नाही, आणि नाही म्हणायला मन तयार नाही!

शेवटी फाइल दिल्लीला पाठवायचा दिवस उजाडला.

"सरळ सांगा, संकल्प. मी तुमची कोण?"

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मतलब... मला वेगळंच विचारायचं होतं. पण पाच महिन्यांचा रस्ता, तुमची नोकरी, घरचे... 'चला' म्हणायची हिंमत होत नाही. 'थांबा' म्हणायचा हक्क नाही. म्हणून रिकामं सोडलं. प्रेम आहे माझं तुमच्यावर, मोनालीजी. त्या एवढ्याशा रकान्यात ते कसं लिहू?"

माझी नोकरी, माझी आई, तो अनोळखी रस्ता... डोक्यातला गोंधळ तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त एवढं कळत होतं, की हा एकटा निघून गेला तर मी रोज फोनकडे बघत बसणार. मी पेन उचललं. दुसरा चालक – रेघ खोडून माझं नाव. अडचणीच्या वेळी कळवायची व्यक्ती – माझं नाव खोडून जनार्दन, म्हणजे माझे बाबा. आणि नात्याच्या रकान्यात ठळक मराठीत दोन शब्द.

तो एकेक अक्षर लावत वाचत गेला. "हो-णा-रे... सासरे." कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "आणि... सही?"

"ती तुम्ही आणायची. जवाहर नगर, सेक्टर चार. फाइल सोमवारपर्यंत थांबवते."

त्याने अर्जाची नीट घडी घालून खिशात ठेवली. मग पहिल्यांदाच 'जी' न लावता म्हणाला, "मोनाली... बाबांना काय आवडतं?"

"वेळेवर येणारी माणसं. रविवारी दहा."

रविवारी पावणेदहालाच हिरवी जीप आमच्या फाटकाशी उभी होती – बरोब्बर आमची गाडी अडवून.