डावा आरसा

आरसे बदलून घ्यायला काकू व्हॅन घेऊन दिरांच्या गॅरेजात गेल्या, तेव्हा त्यांच्या मनात काळजी होती ती एवढीच, की शाळा सुटायच्या आत काम आटोपतंय ना.

काकू म्हणजे शाळेच्या व्हॅनवाल्या काकू. बारा मुलांच्या काकू, आणि तेराव्या ठमीची आजी. व्हॅन आधी त्यांचे यजमान चालवायचे. दीड वर्षापूर्वी ते आजारपणात गेले. लोकांना वाटलं, आता व्हॅन विकतील. काकूंनी किल्ली स्वतःच्या मुठीत घेतली आणि देवापुढे एक नेम धरला. शेवटचं लेकरू घरात पोचेपर्यंत घशाखाली पाण्याचा घोट उतरू द्यायचा नाही. मागणं काही मोठं नव्हतं. सगळी सुखरूप पोचू देत, एवढंच. शेवटचं लेकरू म्हणजे ठमी. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिची आई परगावी नोकरीला, म्हणून ती आजीजवळ. काकूंच्या जगण्याला टेकू म्हणून जे काही उरलं होतं, ते तिच्या दप्तराएवढंच उंच होतं.

शाळेने सगळ्या व्हॅनना आरशांऐवजी कॅमेरे बसवायला सांगितलं होतं. काकूंनाही ते बरंच वाटलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मागच्या गाड्यांचे दिवे आरशातून थेट डोळ्यांत घुसायचे.

"वहिनी, आरशाचे दिवस गेले आता," दीर पान्याने बोल्ट सोडवता सोडवता म्हणाले. "मान वळवायची नाही, डोळे बारीक करायचे नाहीत. बसल्या जागी टीव्ही बघतो तसं बघायचं."

"टीव्ही बघत गाडी हाकली असती, तर तुमच्या भावाने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं भावजी."

"दादा असता तर आधी मला हाकललं असतं." दीर हसले. मग डावा आरसा हातात आला तसा त्यांनी तो जरा तोलून पाहिला. "हा एवढा जड कसा? उजव्याच्या दुप्पट वजन आहे याला."

"तो मूळचा नाही. आधीचा फुटला तेव्हा यांनी भंगारवाल्याकडून आणला होता. कुठल्याशा गाडीचा."

दिरांनी दोन्ही आरसे वर्तमानपत्रात गुंडाळून टायरांच्या ढिगावर ठेवले. आरशांच्या जागी बोटाएवढ्या दांड्यांवर दोन काळे डोळे बसले, आणि आत दोन्ही दारांच्या खांबांवर तळहाताएवढे पडदे. दिरांनी ते चालू केले. चित्र असं स्वच्छ, की काकूंच्या तोंडून "अगंबाई" निघालं.

"आणि ही गंमत बघा. माणूस दिसला, की त्याच्याभोवती पिवळी चौकट येते. खांबाला नाही, कुत्र्याला नाही. फक्त माणसाला. ठमे, जा बघू मागे."

सर्दीमुळे त्या दिवशी शाळा बुडवून आजीबरोबर आलेली ठमी पळाली. पडद्यावर तिच्याभोवती छोटी पिवळी चौकट उमटली आणि तिच्याबरोबर धावू लागली. दीर मागे गेले, त्यांच्याभोवती मोठी चौकट. काकू कौतुकाने बघत होत्या.

मग पडद्यावर तिसरी चौकट आली.

टायरांच्या ढिगाशेजारी. उंच, अरुंद, उभ्या माणसाच्या मापाची. आत कोणी नव्हतं. चौकटीत फक्त तेलाचे डाग पडलेली भिंत.

"भावजी, तिथे कोण आहे?"

दिरांनी वळून पाहिलं, मग येऊन पडद्यावर टिचकी मारली. चौकट गेली. "नवीन आहे ना. शिकतंय अजून. माणूस कोण आणि भिंत कोण, हे आपल्याला तरी कुठे चटकन कळतं?"

काकूही हसल्या. डावा आरसा गुंडाळलेलाच त्यांनी घरी नेला. यजमानांनी आपल्या हाताने बसवलेला, भंगारात कसा टाकायचा? कपाटावर ठेवून दिला.

काकूंची गल्ली त्यांच्या फाटकाशी संपायची. तिथे व्हॅन वळवायला जागा नव्हती, म्हणून काकू ती गल्लीच्या तोंडापासूनच उलटी आणायच्या. रोज ठमी गल्लीतच डाव्या दाराने उतरायची, मागून फिरून फाटकाची कडी काढायची, आणि मग काकू व्हॅन उलटी आत घ्यायच्या. गाडीच्या मागून जायचं म्हणजे खेळ नाही. त्यासाठी यजमानांनी व्हॅनमधल्या प्रत्येक पोराला एक नियम घोटून घोटून शिकवला होता. मागच्या चाकाशी थांबायचं. डाव्या आरशात बघायचं. आरशात चालवणाऱ्याचे डोळे दिसले, तर त्यालाही तुम्ही दिसता. त्याने डोळे मिटून उघडले, की चालायचं. नाही मिटले, तर जागचं हलायचं नाही, मग आभाळ कोसळलं तरी. काकूंनीही तो नियम तसाच चालवला होता. रोज आरशात ठमीचे टपोरे डोळे दिसायचे, काकू डोळे मिटायच्या, आणि ते डोळे हसून नाहीसे व्हायचे.

कॅमेरे बसले, पण या नियमाचं आता काय करायचं, ते ठमीला सांगायचं काकूंच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना पडद्यावर ठमी दिसत होती ना! छोटी चौकट चाकाशी थांबायची, मग मागे सरकायची, कडी खळ्ळकन वाजायची, आणि "झालं गं आजी!" अशी हाक यायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

सुरळीतच, फक्त ती उंच चौकट सोडून.

गॅरेजातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी पुन्हा दिसली. डाव्या मागच्या चाकाजवळ. काकूंनी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. रिकामी गल्ली. तिसऱ्या दिवशी तिथेच. चौथ्या दिवशीही. भीती वाटली नाही असं नाही. पण रात्री देवापुढे बसल्या असताना काकूंना आठवलं, यजमान व्हॅन आत घेण्याआधी उतरून, मागे काही नाही ना हे तपासायला तिथेच उभे राहायचे. उंचीही तेवढीच. काडीसारखा उंच माणूस. मनातली भीती हळूहळू विरघळली आणि तिथे काहीतरी उबदार येऊन बसलं. नेम फळाला आला म्हणायचा. पोरीवर लक्ष ठेवायला हेच उभे राहतात.

काकू पडद्याशी बोलू लागल्या. "आलात का? व्हा बाजूला, गाडी घेते आत." आणि चौकट दिसत असतानाच गाडी मागे घ्यायच्या. चौकट चाकापाशी विझायची. कशाला काही लागायचं नाही. आठ दिवसांत सवय झाली, जशी घड्याळाच्या टिकटिकीची होते.

नवव्या दिवशी धुकं पडलं. दुपारपासून उतरलं ते शाळा सुटेपर्यंत इतकं दाट झालं, की समोरची गाडी म्हणजे नुसते दोन लाल ठिपके. ओल्या राखेसारखा वास सगळीकडे भरला होता. एकेक मूल दारात सोडून, त्याची आई दिसेपर्यंत थांबून काकू निघत होत्या. नेहमी पाऊण तास लागायचा, आज दीड लागला. घसा सुकून लाकूड झाला होता. गल्लीत वळल्या तेव्हा डोळ्यांसमोर फक्त ओट्यावरचा पाण्याचा पेला होता.

"आजी, काही दिसत नाहीये," ठमी म्हणाली.

"मला दिसतंय ना. हळूच जा. गाडीला हात लावत लावत जा."

दार सरकलं. ठमीचे बूट दोन-तीन पावलं वाजले. मग काही नाही. धुकं आवाजही गिळून टाकतं.

पडदा पांढराफटक होता. त्यात कुठेतरी गल्लीच्या दिव्याचा पिवळट डाग. काकू वाट बघत राहिल्या.

खळ्ळ... कडी वाजली.

काकूंनी सुस्कारा सोडला. पोचली बाई फाटकाशी. पडद्यावर डाव्या चाकाजवळ पिवळी चौकट होती, रोजच्या जागी. आत नुसतं धुकं.

"व्हा बाजूला," काकू पुटपुटल्या. "आज जीव नुसता पाणी पाणी करतोय." आणि त्यांनी गिअर मागे टाकला.

गाडी हलली. वीतभर. हातभर.

"झालं गं आजी" अशी हाक आलीच नाही, हे त्यांना तेव्हा जाणवलं. आणि डोळे पुन्हा पडद्याकडे गेले.

चौकट बुटकी होती.

उंच, अरुंद नव्हे. कमरेएवढी. दप्तराएवढी.

काकूंनी ब्रेकवर पाय नव्हे, सगळा देह टाकला. व्हॅन धक्का खाऊन बंद पडली. दार कसं उघडलं, खाली कशा उतरल्या, त्यांना पुढे कधी आठवलं नाही. धुक्यात हात पुढे करून मागच्या चाकाकडे धावल्या, आणि हाताला लोकरीची टोपी लागली.

ठमी उभी होती. चाक आणि ती यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर. ती रडत नव्हती. पुढे बघत होती, एकटक, कॅमेऱ्याच्या त्या बारीक दांडीकडे.

"अगं बाजूला का नाही झालीस! गाडी येताना दिसली नाही तुला? ओरडायचं तरी!"

"त्यांनी डोळे मिटलेच नाहीत ना," ठमी म्हणाली.

"कुणी?"

"आरशाच्या जागी. तिथे तुझे डोळे नसतात आता. ते असतात. रोज मिटतात, मग मी जाते." तिचा आवाज बारीक झाला. "आज नुसते बघत राहिले... मला सरकायचं होतं गं. पण नियम आहे ना आपला."

काकूंनी तिला छातीशी घट्ट धरलं. मग काहीतरी आठवून त्यांनी हळूच विचारलं, "फाटकाची कडी काढून परत इथे आलीस का?"

"मी फाटकाकडे गेलेच नाही."

काकूंनी मान वळवली. धुकं जरा हललं, तेव्हा फाटक दिसलं. सताड उघडं.

त्या संध्याकाळी काकूंनी दिव्यासमोर बसून खूप वेळ विचार केला. वाईट विचार मनात आला की त्या तो परतवून लावायच्या. पोरगी वाचली, हे खरं. चार बोटांवर का होईना, वाचली. मी त्यांचा आरसा काढला, म्हणून रागावले असतील. धुक्यात पोरीने पुढे जाऊ नये म्हणून थांबवलं असेल. माणूस गेला तरी माया जाते का? देव एवढा निष्ठुर नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. काकू आरसा घेऊन गॅरेजात गेल्या.

"शाळा बोलेल हां वहिनी," दीर म्हणाले.

"बोलू दे. मला पोरीच्या डोळ्यांत बघता आलं पाहिजे."

दिरांनी पाना उचलला. दांडी काढली, आरसा बसवला. दोन्ही हातांनी धरावा लागला त्यांना.

संध्याकाळी गल्ली सोनेरी उन्हाने भरली होती. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या झटकत होतं. ठमी उतरली, चाकाशी जाऊन थांबली. काकूंनी व्हॅन बंद केली, किल्ली काढून मुठीत धरली आणि आरशात पाहिलं. ते टपोरे डोळे बरोबर जागेवर होते. इतक्या दिवसांनी दिसले. काकूंना भरून आलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले.

ठमी हलली नाही.

काकूंनी पुन्हा मिटले. सावकाश, नीट दिसेल असे.

"चल ना गं बाळा."

"तू मिटलेस," ठमी तिथूनच म्हणाली. "त्यांनी नाही मिटले अजून."

काकूंनी आरशात निरखून पाहिलं. ठमी, तिच्यामागे फाटक, भिंत, ऊन. त्यांना दुसरं काही दिसलं नाही. किल्लीचे दाते तळहातात रुतत होते. गादी झटकण्याचा आवाज थांबला. कितीतरी वेळ गेला.

मग ठमी हसली, आणि चालू लागली.

कडी वाजली. "झालं गं आजी!"

काकूंनी गाडी आत घेतलीच नाही. तिथेच सोडून ठमीचा हात धरला, दोघी घरात आल्या, दार लावलं. ठमीचे बूट काढताना काकूंनी मनातली सगळी आशा गोळा करून विचारलं, "आजोबाच आहेत ना गं ते?"

ठमीने जरा विचार केला. लहान मुलं करतात तसा, प्रामाणिकपणे.

"आजोबांना चष्मा होता ना?" ती म्हणाली, आणि दप्तर घेऊन आत पळाली.

काकू ओट्याशी गेल्या. दिवसभराची तहान होती. पेला भरला, देवाचं नाव घेतलं, ओठांना लावला.

बाहेर फाटकाची कडी वाजली. खळ्ळ... आणि मग अंगणातून, कुणीतरी आत यायच्या परवानगीची वाट बघत थांबावं, तशी शांतता.

काकूंनी पेला तसाच खाली ठेवला. नेम शेवटचं कोणी घरात पोचेपर्यंतचा होता.