घोडमाळावरचा ताजा आवाज

मे महिन्यात दुपारी दोन वाजता घोडमाळाच्या धावपट्टीवर कोणी शहाणा माणूस उभा राहत नाही. वच्छला ढोले पत्र्याच्या खोलीत कूलरसमोर बसल्या होत्या आणि कूलर त्यांच्या तोंडावर गरम हवा मारत होता. समोर रेडिओ होता. वर, मेळघाटच्या डोंगरांवर कुठेतरी, अंबादास गावंडे यांचं विमान सकाळपासून तिसऱ्यांदा घिरट्या घालत होतं.

"अंबादासभाऊ, कसे आहा?" त्यांनी बटन दाबून विचारलं.

"ठीक आहो ताई. खोऱ्यातला धूर वाढून राह्यला. गाडीवाल्याइले डाव्या नाल्यानं या म्हना."

आवाज असा स्वच्छ, की माणूस शेजारच्या खुर्चीवर बसून बोलतो आहे. वच्छलाताईंनी वनखात्याच्या गाड्यांना निरोप दिला आणि फळ्यावर खडूनं लिहिलं : दोन दहा, आवाज ताजा. मग पाण्याची बाटली तोंडाला लावली. पाणीही गरमच होतं.

घरी बांधलेली विमानं उडवायला परवानगी मिळाली त्याला आता सहा वर्षं झाली होती. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अंबादास आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारे शब्बीरभाई यांनी प्लायवूड, कापड आणि जुन्या मोटारीचं इंजीन यांतून दोन विमानं उभी केली. वर छप्पर नाही, समोर वीतभर काच, बाकी सगळा वारा अंगावर. वणव्याच्या पहाऱ्याला आधी ड्रोन होते. त्यांतले काही धुराच्या भोवऱ्यात सापडून पडले, उरलेले दुरुस्तीसाठी पुण्याला गेले आणि तिथेच रमले. मग वनखात्याला या दोन म्हाताऱ्यांची आठवण झाली.

उघड्या विमानात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आवाज. बटन दाबलं, की तुमच्या शब्दांबरोबर वारा आणि इंजीनही रेडिओत घुसायचं. त्यामुळे बोलायचं झालं, की अंबादास आधी इंजीन कमी करायचे, मान काचेमागे घालायचे, ओठ मायक्रोफोनला चिकटवायचे आणि गावाला ऐकू जाईल असे ओरडायचे. एवढं करून दहातले चार शब्द वारा खायचाच.

पण त्या खरखरीतून वच्छलाताईंना भलतंच काही ऐकू यायचं. रुग्णवाहिकेच्या कॉल सेंटरमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली होती. कोण खरंच मरायला टेकलं आहे आणि कोण उगाच कांगावा करतो आहे, हे त्यांना पहिल्या श्वासात कळे. वैमानिक जीव गेला तरी 'थकलो' म्हणत नाहीत, म्हणून घोडमाळावर एक रीत पडली होती : खाली कधी यायचं हे घड्याळानं ठरायचं नाही, वच्छलाताईंच्या कानानं ठरायचं. आवाज जड झाला, की त्या म्हणायच्या, "या आता खाली." अंबादास शिव्या घालत उतरायचे, आणि उतरल्यावर चाकाला टेकून अर्धा तास पडून राहायचे.

मागच्या उन्हाळ्यात मात्र वाऱ्यानं नको ते शब्द खाल्ले. 'नाल्यात माणसं आहेत' एवढा निरोप पोचायला चार वेळा सांगावं लागलं. गाड्यांना अकरा मिनिटं उशीर झाला. तेंदूपत्ता वेचणाऱ्या दोन बाया भाजून गेल्या. त्यानंतर या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जेव्हा पुण्याच्या एका छोट्या कंपनीतून ऋजुता केळकर 'निर्वात' नावाचे हेडसेट घेऊन आली, तेव्हा कोणी तोंडातून 'पण' काढला नाही.

निर्वात तोंडासमोरचा आवाज घेतच नसे. त्याची एक चकती जबड्याच्या हाडाला चिकटायची आणि हाडातली कंपनं टिपायची. कंपनांतून फक्त शब्द कळत. त्यांवर आवाज चढवण्याचं काम आतली चीप करायची. त्यासाठी प्रत्येकानं बंद खोलीत तासभर वाचन करून आपल्या आवाजाचा नमुना द्यायचा होता. अंबादासांनी तो सकाळी आठला, अंघोळ आणि दोन कप चहा झाल्यावर, कीटकनाशकाच्या डब्यावरच्या सूचनांपासून लग्नपत्रिकेपर्यंत हाताला येईल ते मोठ्यानं वाचून दिला होता. वच्छलाताईंनीही दिला.

पुढचा महिनाभर एक शब्द वाया गेला नाही. वणवे वाढत होते, पाळ्या लांबत होत्या. आवाज ताजा आहे ना? मग चालू द्या अजून अर्धा तास. वच्छलाताईंना कधीकधी चुकल्यासारखं वाटे, पण काय चुकतं आहे हे सापडत नव्हतं. शिवाय त्या स्वतःच इतक्या दमलेल्या होत्या, की न सापडणारी गोष्ट शोधायचं त्राण नव्हतं.

त्या दिवशी शब्बीरभाईंच्या विमानाचा पुढचा, फिरणारा पंखा तडकला होता, म्हणून सगळा भार अंबादासांवर होता. तीन वाजता वच्छलाताईंनी पुन्हा विचारलं, "थकले काय भाऊ?"

"नाही ताई. ठीक आहो."

आवाज ताजा. त्यांनी फळ्यावर तसं लिहिलं.

पावणेचारला विमान माळावर दिसलं. ते उतरायला लागलं तेव्हा वच्छलाताई दारात आल्या. विमान पट्टीला सरळ नव्हतं. नाक एकदा वर, एकदा खाली, आणि डावा पंख बांधाकडे कललेला. त्या रेडिओकडे धावल्या.

"अंबादासभाऊ, वर घ्या! वर घ्या! बांध आहे डाव्या हाताले! वर घ्या ना हो!"

"हो ताई," ताजा आवाज म्हणाला.

विमान वर गेलं नाही. चाक बांधाला लागलं, विमान गर्रकन फिरलं आणि एका पंखावर कोसळलं.

शब्बीरभाई आणि त्या धावत पोचले तेव्हा अंबादास पट्ट्यांत लटकत होते. कपाळ फुटलं होतं, पाय विचित्र वळला होता, पण शुद्ध होती. ओठ फाटून पांढरे पडले होते. बोलण्यासाठी त्यांनी दोनदा तोंड उघडलं तेव्हा कुठे काही बाहेर आलं.

"पानी," ते म्हणाले.

जीभ जाड झालेली, शब्द ओढत आणलेला. वच्छलाताई जागच्या जागी थांबल्या. हा आवाज त्यांनी महिनाभरात ऐकलाच नव्हता.

"भाऊ, म्या ओरडून राह्यली होती. वर काऊन नाही घेतलं?" त्या रडायला लागल्या.

अंबादासांनी त्यांच्याकडे न समजल्यासारखं पाहिलं. "ओरडत होत्या?" ते कसेबसे म्हणाले. "मले वाटलं… तुमी सहज सांगून राह्यल्या. मले वाटलं, घाई नाही."

रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. ऋजुता संध्याकाळी पोचली, मोडलेल्या विमानातून हेडसेट काढला आणि लॅपटॉपला जोडला. चकतीनं टिपलेली कच्ची कंपनं आत साठलेली असत. तिनं दुपारी दोन दहाचं ध्वनिमुद्रण लावलं.

आधी घरघर. मग आतून, खोल विहिरीतून यावा तसा एक माणूस : "ठीक… आहो… ताई." प्रत्येक शब्दानंतर धाप.

"बंद कर," वच्छलाताई म्हणाल्या. "ह्या मान्साले म्या साडेबारालेच खाली आनलं असतं."

"त्याला थकवा हा गोंगाटच वाटतो, वच्छलाताई," ऋजुता हळू म्हणाली. "धाप, कंप, जड जीभ. आम्ही त्याला शिकवलं, की शब्द सोडून बाकी सगळं काढून टाक. कानात येणाऱ्या आवाजालाही तेच. तुम्ही किंचाळलात, त्याला शब्द कळले, त्यानं ते तुमच्या नमुन्यातल्या आवाजात ऐकवले. चूक आमची आहे."

"चूक तुमची कशी? म्या लिहिलं ना फळ्यावर. महिनाभर रोज लिहिलं." वच्छलाताईंच्या बोलण्यात राग नव्हता. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. ज्या कानाच्या भरवशावर माणूस वर पाठवायचा, तोच कान त्यांनी कोणातरी दुसऱ्याच्या हवाली केला होता, आणि तो देताना त्यांनी तासभर मन लावून वाचनही केलं होतं. याची त्यांना लाज वाटत होती, आणि ती लाज कुठे ठेवावी हे कळत नव्हतं.

सकाळी डोंगरावर पुन्हा धूर होता, आदल्या दिवसापेक्षा रुंद. खोऱ्यातल्या वाडीत पन्नास-साठ माणसं होती. शब्बीरभाईंनी रातोरात नवा पंखा बसवला होता. ते विमानात बसून तयार होते. निर्वातच्या आधीचा जुना हेडसेट त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला.

"इसमें आधे लफ्ज जातात, ताई," ते म्हणाले. "मागच्या साली काय झालं, आपल्याले मालूम आहे."

ऋजुता निर्वातच्या डबीवर वाकली होती. रात्रभर जागून तिनं त्यात एक चक्री बसवली होती, शून्यापासून शंभरापर्यंत : शून्यावर नुसते शब्द, शंभरावर सगळं कच्चं.

"सगळं कच्चं ठेवलं तर शब्द जातात," ती म्हणाली. "सगळं काढलं तर काल जे झालं ते होतं. मधला आकडा मला ठरवता येत नाही, ताई. तो तुम्हीच सांगा. शब्बीरभाईंचा थकवा तुम्हाला किती ऐकू यायला हवा?"

वच्छलाताईंनी धुराकडे पाहिलं. "साठ ठेव," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "नाही, थांब. सत्तर."

ऋजुतानं चक्री फिरवली. इंजीन सुरू झालं, माळावरची धूळ उठली. वच्छलाताई खोलीकडे चार पावलं गेल्या आणि परत वळल्या. इंजीनच्या गोंगाटात ऋजुताच्या कानाशी तोंड नेऊन त्यांना ओरडावं लागलं.

"अन् माझी भीती, बाई? ती त्याइले किती ऐकू जाऊ द्यायची?"