एकशे बारा नंबरचं बाळ

कोल्डरूमच्या दुसऱ्या फळीवर एका पेटीएवढी जागा मोकळी होती. आजूबाजूला सगळीकडे हिव साचलेलं, आणि मधे तेवढा एक कोरडा चौकोन.

"काल दुपारी पेटी इथंच होती," लॅबचा तंत्रज्ञ म्हणाला. त्याचा आवाज थंडीनं कापत होता की भीतीनं, ते त्यालाच माहीत.

"पेटीत काय होतं?"

"दोनशे कार्डं. दोनशे बाळांच्या टाचेचं रक्त, टिपकागदावर वाळवलेलं."

"कुलूप?"

"शाबूत. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी तुमच्या खात्याच्या समन्वयक साहेबांकडे."

प्रश्न विचारणाऱ्या बाई आरोग्य खात्यात मुख्य परिचारिका होत्या. हाताखालच्या नर्सेस पाठीमागे त्यांना 'फौजदार' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आज मात्र त्यांच्या पर्समध्ये एक कागद होता, आणि तो त्यांना अजिबात आवडला नव्हता. समन्वयक साहेबांनी सकाळीच तो टाइप करून हातात ठेवला होता. 'लॅबच्या हलगर्जीपणामुळे पेटी गहाळ.' खाली सहीची जागा तेवढी कोरी.

"चौकशी म्हणजे नुसता उपचार हो बाई," साहेब गोड हसून म्हणाले होते. "जा, बघून या आणि सही करा."

सही करायचीच तर बघायचं कशाला, हा प्रश्न बाईंनी गिळला होता. त्यांनी गिळलेले प्रश्न फार वेळ आत राहत नसत.

व्यवस्था साधी होती. दुधातली साखर न पचण्याचा जनुकदोष या भागातल्या बाळांत जास्त आढळे, म्हणून विद्यापीठानं आरोग्य खात्याशी करार केला होता. नर्सेसनी रक्त गोळा करायचं, विद्यापीठानं तपासायचं, आणि दोष निघाला तर खात्यानं घरी कळवायचं. दूध वेळेत थांबवलं की बाळ वाचतं. कार्डावर पुढे कोड नंबर, मागे बंद घडीत नाव. घडी उघडायची लॅबला मुभा नव्हती. नाव आणि कोड जुळवणारी वही साहेबांच्या कपाटात.

लॅबच्या प्रमुख प्राध्यापिका तडकल्याच. "आमचा हलगर्जीपणा? या पेटीतली दोन बाळं सदोष निघाली होती. एकशे बारा आणि एकशे त्रेसष्ट. त्याच दिवशी यादी पाठवली आम्ही. ही बघा पोच."

पोचवहीत समन्वयक साहेबांची ऐटबाज सही होती. तारीख अडीच आठवड्यांपूर्वीची.

"मग ही दोन बाळं कोणाची?"

"ते तुमच्या खात्याला विचारा. आम्हाला फक्त आकडे कळतात."

बाई खात्यात परतल्या. साहेबांनी न कुरकुरता वही पुढे केली. "एकशे बारा आणि एकशे त्रेसष्ट ना? दोन्ही कुटुंबं शहर सोडून गेली. पत्ता नाही. आपण तरी काय करणार?"

"आणि ते हॉस्पिटलमधलं बाळ?"

काल चार वाजता मुलांच्या हॉस्पिटलमधून साहेबांना फोन आला होता, हे त्यांनीच सकाळी सांगितलं होतं. महिन्याभराचं बाळ, कावीळ, यकृत सुजलेलं. दुधाचाच दोष.

"त्याचा नंबर चाळीस. लॅबनं निर्दोष म्हणून कळवलेलं. म्हणजे चूक लॅबची, आणि आता कार्डही त्यांनीच हरवलं. सोयीस्कर आहे, नाही का?"

बाईंनी पानं उलटली. नावं, पत्ते, नंबर. सुरेख, एकसारखं अक्षर, एकच निळी शाई, कुठंही खाडाखोड नाही. आधीची पानं मात्र कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी. त्या वही मिटून उठल्या.

"सही?" साहेबांनी विचारलं.

"पेन विसरले," बाई म्हणाल्या. पेन त्यांच्या खिशाला लटकत होतं.

हॉस्पिटलात बाळाची आई काचेला कपाळ टेकून उभी होती. बाईंनी खात्याचं नाव सांगताच ती वळली.

"आता आलात? रक्त नेलंत, मग एक शब्द नाही. मीच त्याला दूध पाजत राहिले. पोटभर!"

बाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी हळूच विचारलं, "रक्त नेलं तेव्हा काही कागद दिला होता?"

आईनं पिशवीतून एक चिटोरं काढलं. बॉलपेननं लिहिलेलं: एकशे बारा.

"हे कुणी दिलं?"

"रक्त घ्यायला आलेल्या ताईंनी. त्या नाहीच म्हणत होत्या. मी म्हटलं, माझ्या लेकराचं रक्त कुठं जातंय याची खूण मला हवी. नाहीतर टाचेला हात लावू देणार नाही."

बाईंनी बाहेर येऊन त्या नर्सला फोन लावला. चिठ्ठीचं नाव काढताच ती घाईघाईनं बोलू लागली.

"बाई, नियमात नाही ते, माहितेय. पण नाही म्हटलं तरी सगळ्याच आया अडून बसतात. रक्त घेणाऱ्या आम्ही चौघीही सगळ्यांना चिठ्ठी देतो. माझी नोकरी जाईल का?"

"ते नंतर बघू. आधी चौघी निघा. एकशे त्रेसष्टची चिठ्ठी ज्या घरात असेल तिथलं दूध आजच्या आज थांबलं पाहिजे. पळा!"

दुपारी साडेतीनला फोन आला. घर सापडलं होतं. कुणी कुठं गेलेलं नव्हतं. बाळ जरासं सुस्त, डोळे किंचित पिवळे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. खात्याचे संचालकही आले होते. समन्वयक साहेबांनी टाइप केलेला कागद टेबलावर सरकवला. बाईंनी तो मधोमध फाडला.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"चौकशी. तुम्ही सांगितलेली," बाई म्हणाल्या. "लॅबची यादी तुमच्या हातात पडली तेव्हा याच प्रकल्पाच्या कौतुकाचं भाषण लिहिण्यात तुम्ही बुडाला होतात, अख्ख्या खात्यानं पाहिलंय. यादीचा लिफाफा ढिगात गेला आणि तिथंच राहिला. परवा हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा तो आठवला. तो फोन फक्त तुम्हाला आला होता, लॅबला त्याचा पत्ताही नव्हता. मग ज्या बाळाबद्दल काही ठाऊकच नाही त्याचं कार्ड लॅबवाले कशाला लपवतील?"

"वहीत नोंद आहे—"

"वहीत चार नर्सेस लिहितात. त्यांची चार अक्षरं मी रोज शिव्या देत वाचते. या पेटीची पानं मात्र एका हातची, एका बैठकीत लिहिलेली. हॉस्पिटलमधल्या बाळाला तुम्ही चाळीस नंबर दिलात, आणि एकशे बारा नि एकशे त्रेसष्टपुढे पत्ता नसलेली घरं लिहिलीत. नाव आणि नंबर एकत्र सांगणारी दुसरी वस्तू म्हणजे कार्ड. एकच कार्ड नेलं असतं तर सगळ्यांचं बोट त्याच बाळाकडे गेलं असतं. म्हणून दुसरी किल्ली लावून पेटीच उचललीत. आयांकडे चिठ्ठ्या आहेत, हे तेवढं तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही कधी कुणाच्या दारात गेलाच नाहीत."

त्यांनी दोन चिटोरी टेबलावर ठेवली.

साहेबांचा चेहरा उतरला. "पेटी माझ्या घरी आहे," ते पुटपुटले. "जाळायचं धाडस झालं नाही."

"पण एकशे त्रेसष्ट नंबरच्या बाळाला दूध पीत ठेवायचं धाडस झालं!" प्राध्यापिका कडाडल्या.

संचालकांनी घसा खाकरला. "बाई, अहवालात 'नजरचूक' म्हणता येईल. नाहीतर करार मोडेल, खात्याची अब्रू जाईल. तुमचीही दोनच वर्षं राहिलीत."

"लिफाफा विसरणं ही नजरचूक. पेटी उचलणं ही चोरी. मी तसंच लिहिणार. दोन वर्षांचं म्हणाल तर ती आजच घ्या!"

तिथून त्या थेट हॉस्पिटलात गेल्या. आईला त्यांनी काही झाकून सांगितलं नाही. "बाळ नऊ दिवसांचं असतानाच आम्हाला कळलं होतं. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, आणि आणखी एका आईलाही नाही."

आईनं काचेतून बाळाकडे पाहिलं. दूध थांबल्यापासून बाळाची कावीळ उतरू लागली होती. यकृत किती सावरेल, ते डॉक्टर आज सांगू शकत नव्हते.

"ती दुसरी आई," तिनं विचारलं. "तिचं बाळ?"

"वाचलं."

तिनं डोळे पुसले आणि पदर खोचला. "तिला माझा फोन नंबर द्या. एकटी असली की बाईमाणसाला बाहेर बसवून ठेवतात. आम्ही दोघी मिळून तुमच्या खात्यात जाब विचारायला जाऊ. बघू कोण आत घेत नाही ते."