डोलकाठीच्या अर्ध्या वाटेवर

"खाली बघू नका!" असं कोणी म्हटलं की माणूस आधी खालीच बघतो. तिनंही बघितलं. खाली जहाजाचं डेक, त्यापलीकडे काळपट पाणी... आणि तिचे दोन्ही पाय जागच्या जागी थिजले.

"बघितलंत ना?" पुन्हा तोच आवाज. दोरशिडीवर तिच्या बराच खाली कोणी तरुण चढत होता.

"तुम्ही सांगितलंत म्हणूनच बघितलं!" ती ओरडली. ओरडण्यापुरताच काय तो जीव उरला होता तिच्यात.

जुन्या काळचं हे शिडाचं लढाऊ जहाज आता धक्क्याला कायमचं बांधून ठेवलेलं होतं. कमरेला पट्टा अडकवून हौशी लोकांना डोलकाठीवरच्या पहिल्या मचाणापर्यंत चढू देत. ती मात्र हौशी नव्हती. उंचीची तिला इतकी धास्ती, की घरी माळ्यावरचा डबासुद्धा आईच काढायची. पण ती चित्रकार होती, आणि प्रकरण गळ्याशी आलं होतं.

आरमारी लढायांवरच्या एका कादंबरीमालेचा सचित्र सोबती निघत होता. कादंबऱ्या वाचताना वाचक शिडांच्या आणि दोरांच्या जंजाळात हरवू नये, म्हणून केलेलं चित्रांचं आणि नकाशांचं पुस्तक. चित्रं तिची, टिपा दुसऱ्या कुणाच्या. त्या टीपकाराला तिनं कधी पाहिलं नव्हतं. सगळा कारभार संपादकबाईंमार्फत. खलाशी दोरशिडी चढतानाचं तिचं चित्र त्यानं पुन्हा पुन्हा परत पाठवलं होतं. समासात दोनच शब्द – 'हात चुकले.' काय चुकले, कसे चुकले, देव जाणे! रागारागानं तिनंही दर वेळी समासात एक टकला, चष्मेवाला म्हातारा डोलकाठीला उलटा टांगून पाठवला होता. शेवटी संपादकबाईंनी निर्वाणीचं सांगितलं : उद्या चित्र पास झालं नाही तर ते पान गळणार, आणि पुढच्या भागाचं कामही दुसऱ्याकडे जाणार.

म्हणून आईला 'लायब्ररीत जातेय' अशी थाप मारून ती इथे येऊन लटकली होती.

वारा सुटला. शिडी हलली. तिनं हाताला आला तो आडवा दोर गच्च धरला, आणि... तो एका टोकाला सुटून तिच्या मुठीतच आला.

ती किंचाळली. कमरेला पट्टा आहे हेसुद्धा ती विसरली. आता संपलं सगळं... आईला कोण सांगणार?

"उभा दोर धरा! उभा!" आवाज आता अगदी जवळ होता. "आडवे दोर पायांसाठी असतात. हात उभ्या दोरावर!" त्यानं तिचं मनगट धरून जाड उभ्या दोरावर नेऊन ठेवलं. तो दोर ढिम्म हलला नाही.

जरा वेळानं तिला श्वास घेता आला, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिच्या चित्रातले झाडून सगळे खलाशी आडवे दोर धरून चढत होते!

"हात चुकले..." ती पुटपुटली.

तो दचकला. "तुम्ही... तुम्ही चित्रं काढता?"

"म्हणजे टिपा तुमच्या? मग टक्कल कुठंय तुमचं?"

तो हसला, पण ते हसू थरथरत होतं.

"तुम्हीपण घाबरलात?"

"घाबरलोय? पाय लटपटताहेत माझे! आजवर सगळं खुर्चीत बसून लिहिलं. म्हटलं, छापण्याआधी एकदा स्वतः धरून बघावं... तर खालीच अडकलो. तुमची किंकाळी ऐकली आणि इथवर कसा आलो, कुणास ठाऊक."

"एक ओळ नीट लिहिली असतीत, तर ही वेळच आली नसती!"

"लिहिणारच होतो. पण..." तो अडखळला. "पहिला म्हातारा आला आणि इतका आवडला, की म्हटलं, अजून एक येऊ दे. सगळे जपून ठेवलेत मी. चुकलंच माझं. आज तुम्हाला काही झालं असतं तर—"

तिला राग आला. खूप आला. पण टिकेना मेला! हा माणूस आपल्याइतकाच घाबरट आहे आणि तरी आपल्यासाठी वर आला, हे तिच्या मनातून जाईना.

"उतरा हो, वारा वाढलाय!" खालून रखवालदार ओरडला.

उतरताना तो तिच्या खाली राहिला. तिचा एकेक पाय हातानं दोरावर टेकवत गेला. "डावा... आता उजवा... हं, सावकाश."

"सोडू नकोस हं!"

"अहो-जाहो संपलं वाटतं?"

"गप्प बस आणि उतर!"

डेकवर पाय टेकले तरी त्याची बाही तिच्या मुठीत घट्ट होती.

"उतरलो आपण," तो हळूच म्हणाला. "आता कसली भीती?"

"उद्या चित्र पास होईल, याची." तिनं मान वर केली नाही. "पास झालं की... मग तू मला कशाला काही लिहिशील?"



"बरोबर आलं तर पास करावंच लागेल मला," तो म्हणाला. "पण पुढचा भाग संपादकबाईंमार्फत नको. तुझ्या शेजारी बसून लिहीन म्हणतो... आणि पुस्तकं संपली, तरी शेजारीच. चालेल?"

शिडीच्या मध्यावरही तिला इतकी भीती वाटली नव्हती. तरी ती 'हो' म्हणाली.